गप्पी मासे एकामागून एक वाकडे होतायत. रोग आहे का?

तापीकाठची | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्ही भुसावळचे. घरात काचेची टाकी आहे, साधारण ६० लिटरची. मासे दुकानातले नाहीत. तीन वर्षांपूर्वी डेंग्यूची साथ होती, तेव्हा शेजारच्या काकांनी आरोग्य केंद्रातून हौदात सोडायला गप्पी आणले होते. त्यातले पाच-सहा माझ्या लेकानं मागून घेतले. त्यांचीच पिलावळ आज तीसेक आहे.

प्रत्येक वेळी एक-दोन पिल्लं वाकडी निघतात. त्यातल्या एकाचं नाव लेकानं स्वल्पविराम ठेवलंय. शाळेत विरामचिन्हं चालू आहेत, दुसरं काय. शेपटीकडे खाली वळलेला, पण खायला सगळ्यांत पुढे. त्याचं काही वाटत नाही. पण दोन महिन्यांपासून मोठ्या माद्याही वाकायला लागल्यात. आधी एक, पंधरा दिवसांनी दुसरी, आता तिसरी. वरून पाहिलं तर कणा नागमोडी दिसतो. पहिली मेली. दुसरी कोपऱ्यात तळाशी पडून असते, पोट पार आत गेलंय. दुकानदारानं निळं औषध दिलं. सात दिवस टाकलं. पाणी निळं झालं, लेकाचा रुमाल निळा झाला, माशांना ढिम्म फरक नाही.

पाणी नळाचं, ड्रममध्ये साठवलेलं. दर रविवारी दोन बादल्या बदलतो. टाकी खरं तर हे धुतात, पण यांच्या बोटाला गाठ आलीये म्हणून गेल्या दोन रविवारी मीच केलं. काचेला शेवाळ नाही, फिल्टर स्पंजचा आहे.

काय असेल? बाकीच्यांना लागेल का?

पुणेकर_पाहुणा | ११ ऑगस्ट, रात्री १०:४१

टीबी. सगळे मारून टाकी फेकून द्या. माझ्याकडे चार टाक्या आहेत, अनुभवाचे बोल.

हौदातला_गप्पी | ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

पाहुणे, जरा दमानं. फोटोसुद्धा न बघता फाशी?

ताई, मी धुळ्याचा, गप्पी पाळून वीस वर्षं झाली. काही गोष्टी विचारतो, उत्तरं द्या.

माद्यांच्या गुदद्वारातून तांबडे दोरे लोंबताना दिसतात का? मासा स्थिर असताना भिंग लावून बघा. ते कॅमॅलॅनस नावाचे जंत असतात, गप्पीत फार. त्यानंही मासा आटतो. त्याचं औषध वेगळं, ते निळं नव्हे. खाण्याचा डबा कधी फोडला? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाकलेल्या माद्या जन्मापासून जराशा वाकड्या होत्या, की सरळ होत्या आणि नंतर वाकल्या?

निळ्या औषधाबद्दल: ते बुरशीसाठी आणि अंड्यांसाठी असतं. स्पंजमध्ये जे चांगले जिवाणू राहतात, माशांची घाण पचवणारे, तेही त्यानं मरतात. म्हणजे आता अमोनिया वाढायची भीती वेगळीच. आठवडाभर खाणं अर्धं करा आणि पाणी थोडं थोडं, पण दोन दिवसाआड बदला.

सातपुडा_वारा | १२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताई, मासा वाकडा व्हयना म्हनीसन काय व्हयनं? आमच्या नंदुरबारकडे माणसं वाकडी चालतात, त्यांना कोणी औषध देत नाही 😄

गंमत सोडा. आमच्याकडे एकदा फिल्टरच्या वायरमधून टाकीत करंट उतरला होता, दोन मोली मासोळ्या अशा वाकल्या की काय सांगू. हात घालायच्या आधी बटण बंद करत जा.

तापीकाठची | १२ ऑगस्ट, दुपारी २:३०

तांबडे दोरे नाहीत. तासभर बसून पाहिलं.

डबा... लाज वाटते सांगायला. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेतला, दोन उन्हाळे झाले. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर असतो.

जन्मापासून वाकड्या होत्या असंच मला वाटत होतं. लेक म्हणाला नाही, आई, ती सरळ होती. मी म्हटलं तुला काय आठवतंय. त्यानं माझाच मोबाईल उघडून दिवाळीतला व्हिडिओ काढून दाखवला. टाकीपुढे पणत्या ठेवल्या होत्या त्याचा. त्यात ती मोठी पिवळी मादी स्वच्छ दिसते, सुईसारखी सरळ. दुसरीही सरळ. म्हणजे वाकल्या त्या नंतरच.

केळीबाग | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

रावेरहून. माझा अंदाज वेगळाच आहे. ऑगस्टात डासअळ्यांचं औषध घेऊन कर्मचारी घरोघर येतात, ड्रममध्ये टाकून जातात. तुमच्या ड्रममध्ये टाकलं होतं का? आमच्या शेततळ्यात एका वर्षी फवारणीचा पंप धुतला गेला, दुसऱ्या दिवशी अर्धे मासे उलटे आणि उरलेले वाकडे. तेव्हापासून पंप तळ्याच्या जवळसुद्धा नेत नाही.

जीवशास्त्रवाली | १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

अमळनेरला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, माशांची डॉक्टर नाही. तरी लिहिते, कारण या धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये.

पहिली गोष्ट पिल्लांची. पाच-सहा माशांपासून तीन वर्षं वंश चाललाय. गप्पीची मादी महिन्याला वेते आणि दोन-तीन महिन्यांत नवी पिढी पिल्लं द्यायला लागते. म्हणजे तुमच्या टाकीत भाऊबहिणींचीच लग्नं दहा-बारा पिढ्या झालीत. जन्मतः वाकडी पिल्लं यातून निघतात आणि ती कोणाला लागत नाहीत. स्वल्पविराम हा त्यातला दिसतो. अवांतर: दुकानात बलून मोली म्हणून जो गोलमटोल मासा जास्त पैशाला विकतात, त्याचा कणाच मुद्दाम आखूड आणि वाकडा पैदास केलेला असतो. तिथे कोणी रोग म्हणत नाही.

थोडा गुंता आहे. जन्मतः सरळ असणारे आणि वाढता वाढता वाकणारे गप्पीही असतात, तेही आनुवंशिक. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात अशा गप्पींवर काम झालंय, कारण मुलींच्या वाढत्या वयात पाठीला जो बाक येतो त्याच्याशी ते जुळतं. तिथेही माद्यांत बाक जास्त. पण तो बाक वाढीच्या वयात येतो. तुमच्या पिवळीची वाढ दिवाळीलाच पुरी झालेली होती. त्यामुळे ते कारण मला पटत नाही.

खाण्याचा डबा. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन नीट बनत नाही आणि कोलॅजनशिवाय हाड नीट घडत नाही. बहुतेक माशांना हे जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, खाण्यातूनच लागतं. हवा आणि उष्णता लागली की ते उडून जातं. गॅसच्या वर, भुसावळचे दोन उन्हाळे! त्या डब्यात आता फक्त वास उरला असेल. डबा आजच टाका, लहान आणा, झाकणावर तारीख लिहा. पिल्लांच्या वाकडेपणात याचाही वाटा असू शकेल. पण प्रौढ मादीचा घडलेला कणा यानं दोन महिन्यांत असा वळेल असं वाटत नाही.

केळीबाग भाऊंचा मुद्दा मोलाचा आहे. डासअळ्यांसाठी टाकतात ते टेमिफॉस आणि शेतातली मॅलॅथिऑनसारखी औषधं एकाच गटातली, सेंद्रिय फॉस्फरसची. या गटातल्या औषधांनी स्नायू इतके आवळले जातात की माशाचे मणके मोडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण विषबाधा पंधरा-पंधरा दिवसांनी एकेकीला गाठत नाही. झाली तर एका दिवसात अनेकांना होते, झटके येतात. तुमच्याकडे एक, मग दुसरी, मग तिसरी.

हा क्रमच मला खटकतोय. प्रौढ मासा, हळूहळू वाकणारा, पोट आत, रंग उतरलेला, एकामागून एक. पाहुण्यांनी घाईनं सांगितलं ते बरोबर असण्याची शक्यता आहे, फक्त त्यांच्यासारखं नुसत्या वर्णनावरून सांगता येत नाही. माशांचा क्षयरोग मायकोबॅक्टेरियम मरिनम आणि त्याच्या भावंडांनी होतो. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत ॲरन्सन यांना तो पहिल्यांदा सापडला. टाकीत तो येतो बहुधा बाहेरच्या माशाबरोबर, आणि पसरतो मुख्यतः मेलेला मासा बाकीच्यांनी कुरतडल्यानं.

म्हणून प्रश्न: तीन वर्षांत बाहेरून खरंच एकही मासा आला नाही?

तापीकाठची | १२ ऑगस्ट, रात्री १०:१०

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला.

आला होता. जानेवारीत लेकाच्या वाढदिवसाला त्याच्या मामानं दोन आणले होते, मोठ्या पिसाऱ्याचे नर. आठवड्याभरात दोन्ही मेले म्हणून मी ते धरलेच नव्हते. एक सकाळी मेलेला मिळाला. दुसरा मिळालाच नाही, नुसती शेपटी होती.

ड्रममध्ये औषध या महिन्यात टाकलंय, माद्या त्याआधीच वाकल्या होत्या.

गोळी_घ्या_पाणी_प्या | १२ ऑगस्ट, रात्री ११:२०

मी माणसांचा डॉक्टर, चाळीसगावला. मासे फक्त ताटात ओळखतो. पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलं: "यांच्या बोटाला गाठ आलीये".

किती दिवस झाले? कोणत्या बोटाला? दुखते का? एकच आहे की मनगटाकडे आणखी चढतायत?

तापीकाठची | १३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

उजव्या हाताची तर्जनी, मधल्या पेरावर. दीड महिना झाला. दुखत नाही, लालसर-जांभळी, वर खपली धरते आणि परत ओलसर होते. हे म्हणतात शेतात बाभळीचा काटा लागला होता, तो आत राहिलाय. गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम दिलं, मग पाच दिवसांच्या गोळ्या. आता विचारलं तर म्हणाले, हाताच्या मागच्या बाजूला अजून एक बारीक आहे, सांगितलं नव्हतं. नवरे!

गोळी_घ्या_पाणी_प्या | १३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

ताई, घाबरू नका, पण या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि दारातून आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे सांगा: "घरात माशांची टाकी आहे आणि मी ती हातानं धुतो." हे न सांगितल्यामुळे असे रुग्ण महिनोन् महिने नायटा, काटा, चामखीळ म्हणून फिरत राहतात.

माशांच्या क्षयाचा हा जिवाणू ३० अंशांच्या आसपास छान वाढतो आणि ३७ अंशांना कसाबसा. आपलं शरीर आतून ३७ असतं, बोटं-कोपर-गुडघे त्याहून थंड. म्हणून तो सहसा तिथेच बसतो, छातीत जात नाही. स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावातून लोकांच्या कोपरांना असे फोड आले तेव्हा १९५० च्या दशकात याचा माणसाशी संबंध लक्षात आला. आपल्या ओळखीच्या क्षयासारखा हा खोकल्यातून पसरत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. लेकाला शाळेतून काढायचं, ताटं वेगळी करायची, असलं काही करू नका.

गाठीचा तुकडा तपासायला पाठवतील तेव्हा चिठ्ठीवर लिहून घ्या की कल्चर (म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून बघणं) ३० अंशांवर ठेवावं, सहा आठवडे. नेहमीच्या ३७ वर ठेवलं तर काही उगवत नाही आणि रिपोर्ट "निगेटिव्ह" म्हणून हातात येतो. हे मी स्वतः एकदा चुकलोय.

तोवर टाकीत उघडा हात नाही. लांब रबरी हातमोजे. आणि नळीनं पाणी काढताना तोंडानं ओढत असाल तर ते आजपासून बंद.

हौदातला_गप्पी | १३ ऑगस्ट, सकाळी ९:१०

वीस वर्षं तोंडानंच ओढतोय 😳

पुणेकर_पाहुणा | १३ ऑगस्ट, सकाळी ९:३२

मी म्हटलंच होतं.

सातपुडा_वारा | १३ ऑगस्ट, सकाळी ९:४०

पाहुणे, तुम्ही टाकी फेका म्हणाले होते. बोटाचं डॉक्टरसाहेब बोलले.

तापीकाठची | १७ ऑगस्ट, रात्री ९:००

दुसरी मादी आज सकाळी अगदीच आडवी पडली, कल्ले कसेबसे हलत होते. तिला तसं पाहवत नाही. तिला कमी त्रासात सोडवायचा उपाय आहे का? बर्फात टाकतात असं कोणी म्हणालं.

जीवशास्त्रवाली | १७ ऑगस्ट, रात्री ९:२५

बर्फ नको, कमोडमध्ये तर नकोच. लवंगेचं तेल आणा, मेडिकलमध्ये दाढदुखीसाठी मिळतं ते. बाटलीत थोडं कोमट पाणी आणि दहा-बारा थेंब घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा. मादीला टाकीच्याच लिटरभर पाण्यात घ्या आणि हे हळूहळू ओता. ती झोपते. कल्ले थांबले तरी अर्धा तास तशीच राहू द्या.

मग एक करता येईल. ओल्या कापसात गुंडाळून डबीत, डबी बर्फात ठेवून मला पाठवू शकाल का? भुसावळ ते अमळनेर गाडीनं कितीसं. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्षयासाठी थुंकीची तपासणी शिकवताना जो झील-नील्सनचा रंग वापरतात, तोच माशाच्या प्लीहेच्या पुसणीवर (काचेवर पसरलेल्या पातळ थरावर) करून बघू. त्यात या गटातले जिवाणू लाल दिसतात.

तापीकाठची | १७ ऑगस्ट, रात्री १०:४५

केलं. लेकानं शेवटी तिला हात... म्हणजे हातमोजा लावला. उद्या भाऊ अमळनेरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. तोच मामा, ज्यानं वाढदिवसाला मासे आणले होते. त्याला काही सांगितलेलं नाही.

जीवशास्त्रवाली | २० ऑगस्ट, दुपारी ४:१५

उघडून पाहिलं. प्लीहा आणि यकृतावर बाजरीच्या दाण्याहून बारीक, करड्या-पांढऱ्या गाठी. पुसणीत निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, भरपूर. विद्यार्थ्यांना रांग लावून दाखवल्या.

याचा अर्थ मायकोबॅक्टेरियम आहे. नेमका मरिनम की दुसरा, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. पण टाकीपुरता निर्णय घ्यायला पुरेसं आहे.

माशांसाठी खात्रीचं औषध नाही. कोणी पावडर देईल, घेऊ नका. पुढे दोन रस्ते. एक, सगळे मासे सोडवून टाकी पूर्ण रिकामी करायची, वाळू-स्पंज-जाळी टाकून द्यायचं, काच वाळवून ७० टक्के अल्कोहोलनं पुसायची. नळाच्या क्लोरीनला हा जिवाणू दाद देत नाही, म्हणून अल्कोहोल. दोन, आहेत त्यांना जगू द्यायचं, टाकी बंद ठेवायची: नवा मासा आत नाही, इथला बाहेर नाही, मेलेला तासाभरात उचलायचा, जाळी-बादली वेगळी, हातमोजे कायम. अशा टाक्यांत काही मासे वर्षभर ठणठणीत राहतात. घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर मात्र पहिलाच रस्ता.

आणि काढलेलं पाणी हौदात, विहिरीत, नाल्यात नको. जुने गप्पी लोक विहिरीत सोडून देतात, ते तर अजिबातच नको.

केळीबाग | २० ऑगस्ट, रात्री ८:००

झाडांना चालेल का पाणी? फेकायचं कुठे मग?

जीवशास्त्रवाली | २० ऑगस्ट, रात्री ८:३०

संडासात ओता. कुंडीत नंतर उघड्या हातानं माती उकरणार असाल तर तेही नको.

तापीकाठची | ६ सप्टेंबर, रात्री ९:५०

दोन्ही बातम्या.

जळगावला दाखवलं. शिकवल्याप्रमाणे आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य मीच म्हटलं, यांच्या आधी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मान वर केली. तुकडा घेतलाय, चिठ्ठीवर ३० अंश त्यांनी स्वतःच लिहिलं, मला सांगावं लागलं नाही. सूक्ष्मदर्शकातल्या रिपोर्टवरून औषध सुरू केलंय, क्लॅरिथ्रोमायसिन आणि जोडीला एक. गाठी गेल्यावरही महिना-दोन महिने चालू ठेवायचंय.

टाकी आम्ही दुसऱ्या रस्त्यानं ठेवलीये. लेकाला दोन्ही रस्ते सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला, मग विचारलं, स्वल्पविरामला झालंय का? मी म्हटलं माहीत नाही. म्हणाला, मग माहीत होईपर्यंत राहू दे.

तिसरी मादी गेली. दहा मिनिटांत उचलली.

गोळी_घ्या_पाणी_प्या | ६ सप्टेंबर, रात्री १०:१५

छान. गोळ्या मधेच बंद होऊ देऊ नका, बोट बरं दिसायला लागलं की पुरुषमंडळी बंद करतात. तोंड कडू पडेल, पोट थोडं बिघडेल, ते सांगून ठेवा.

तापीकाठची | २८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

कल्चरमध्ये मरिनमच आला, पाचव्या आठवड्यात. बोट सपाट होत आलंय, डाग आहे.

पण तोंड! शेतात पहिली भरीत पार्टी झाली. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. सगळे बोटं चाटतायत आणि हे म्हणतात, पत्र्याचा डबा चाटल्यासारखं लागतंय. वर मलाच विचारतात, वांगी कडू निघाली का? सासूबाईंना वाटलं माझ्या हातानं काहीतरी बिघडलं.

सातपुडा_वारा | २८ नोव्हेंबर, रात्री ८:४५

अरे देवा. खान्देशी माणसाला यापेक्षा मोठा दंड नाही. गप्पीनं सूड उगवला.

हौदातला_गप्पी | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:००

मी नळीला हातपंप लावला, सत्तर रुपयांत. बायको म्हणते, वीस वर्षांत एक शहाणपणाची वस्तू आणली.

ताई, बाकी मासे कसे आहेत?

तापीकाठची | २९ नोव्हेंबर, दुपारी १:१०

चोवीस आहेत. ऑक्टोबरात एक नर वाकला, त्याला सोडवला. नंतर कोणी नाही. नर-माद्या मधे जाळी लावून वेगळे केलेत, तरी पिल्लं येतातच. जीवशास्त्रवाली ताईंना फोन केला तर म्हणाल्या, मादी नराचं बीज महिनोन् महिने साठवून ठेवते. नवीन डबा लहान आहे, फ्रिजच्या दारात असतो, झाकणावर लेकानं तारीख आणि शेवटी पूर्णविराम काढलाय.

पुणेकर_पाहुणा | २९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

ताई, एक विचारायचं होतं. माझ्या दुसऱ्या टाकीतली एक मोली गेल्या महिन्यापासून जरा वाकल्यासारखी वाटतेय. वरून फोटो काढून टाकू का?

जीवशास्त्रवाली | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:५५

टाका. आणि आधी सांगा, जन्मापासून की नंतर?

तापीकाठची | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आज शेवटची गोळी झाली. हंगामातली शेवटची भरीत पार्टी रविवारी आहे.

स्वल्पविराम अजून आहे. खायला सगळ्यांत पुढे.